शुक्रवारची खोटी नावं

१० जानेवारी, शुक्रवार

ही डायरी खताच्या दुकानवाल्याने दिली. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी सिंधू तिच्यात भिशीच्या बायकांची नावं लिहिते. यंदा मी मागून घेतली. सिंधू म्हणाली, "तुमाले काऊन पायजे?" मी म्हणालो, मांडवांच्या तारखा लिहायच्या आहेत. पौषात मांडव लागत नाहीत हे तिला माहीत आहे. पण बायको म्हणून ती समजूतदार आहे.

खरं कारण असं की नांदुऱ्याच्या डॉक्टरीणबाईने सांगितलं, रोज मनात काय आलं ते लिहीत जा. आज मनात आलं की हे सांगायला एवढं शिकायची काय गरज होती.

सुरुवातीपासून लिहितो. माझं मंडप-बिछायत केंद्र आहे. मोताळा तालुक्यात माझा मांडव लागला नाही असं गाव दाखवा. डिसेंबरात एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती, मी खांबाला धरून उभा होतो आणि एकदम छातीत धडधड सुरू झाली. हातपाय गार पडले, घाम फुटला, श्वास पुरेना, आणि आता मी मरतो याची खात्री झाली. मेलो नाही. बुलढाण्याला नेऊन ईसीजी काढला. हृदय उत्तम निघालं. पुढच्या लग्नात परत तेच. त्याच्या पुढच्या लग्नात मी बाहेर टेम्पोत बसून राहिलो. मांडववाल्याला मांडवाची भीती वाटते हे कोणाला सांगायची सोय नाही.

गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला. सिंधूने दृष्ट काढली. शेवटी संघपालने सांगितलं. संघपाल माझा शाळेपासूनचा मित्र, आता झेडपीच्या शाळेत मास्तर. त्याने हे चहाच्या टपरीवर, लोकांसमोर सांगितलं. "मी दोन वर्सं झाले गोळी घेऊन राह्यलो. झोप येत नोहती, उगीच रडू येत होतं. आता बरं हाये. तू बी जाय नांदुऱ्याले."

"हळू बोल ना बे," मी म्हणालो.

"काऊन? बीपीच्या गोळीचं हळू बोलतं का तू?"

हुशार माणूस आहे, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही.

दवाखाना स्टेशनकडे आहे. बाई फक्त शुक्रवारी बसते. कंपाउंडरने नाव विचारलं. खिशात भाच्याची लग्नपत्रिका होती, तिच्यावरचं त्याचं नाव वाचून सांगितलं, "प्रेम." मग त्याने "प्रेम, प्रेम" अशा हाका मारल्या. कोणी उठेना. मीही मान वळवून बघितलं, कोण हा निष्काळजी माणूस. मग आठवलं.

एक गोष्ट लक्षात आली. तिथे कोणीच पहिल्या हाकेला उठत नाही. आजारच तसा असावा, कानावर परिणाम होत असेल.

बाकावर माझ्या शेजारी एक मोठ्या मिशांचा, धिप्पाड माणूस बसला होता. एक पाय सारखा हलवत होता. त्याने विचारलं, "तुमी कसे काय इकडे?" मी म्हणालो, बाईकडे मांडवाचं भाडं राहिलंय. तो म्हणाला, "माही बिल्डिंग हाये ही. मी बी भाडंच घ्याले आलो." तेवढ्यात "रवी" अशी हाक आली. तिसऱ्या हाकेला तो आत गेला आणि बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. बाई भाड्याला कडक असावी.

कोपऱ्यात आमच्या गावची शालूबाई होती, बचत गटाची अध्यक्षा. पदर नाकापर्यंत ओढलेला. मी पेपर तोंडासमोर धरला. ती "सुवर्णा" या नावाला उठली. माहेरचं नाव असेल.

बाई म्हणाली, याला भीतीचा झटका म्हणतात, यात कोणी मरत नाही, औषध आहे, फक्त मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. आणि झटका आला की चपला काढायच्या, पाय जमिनीला टेकवायचे आणि समोर जे दिसेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी म्हणालो, मी काय अंगणवाडीत आहे का? बाई हसली. म्हणाली, सगळे पुरुष असंच म्हणतात.

१४ जानेवारी, मंगळवार

गोळ्यांची पट्टी झालरीच्या पेटीत ठेवली आहे. घरात ठेवायची सोय नाही, कारण प्राची. प्राची माझी मुलगी, डी. फार्मसी झाली, मोताळ्याच्या मेडिकलवर बसते. तिला गोळीचा नुसता रंग दिसला तरी आजार कळतो.

आज तिळगूळ देताना म्हणाली, "पप्पा, गोळी रोज एकाच टायमाले घ्या लागते. जेवल्यावर."

"कोन्ती गोळी?"

"कोन्तीबी. म्या आपलं सांगून ठेवलं."

मेडिकलवर बसून तिला ही सवय लागली आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

परत जाऊन आलो. धडधड कमी आहे. भूक लागते. काल गोदामात नवा पडदा उंच बांधून बघितला आणि त्याच्याखाली उभा राहिलो. काही झालं नाही. चांगलं वाटलं. लिहायला सांगितलं आहे म्हणून लिहितो, फार चांगलं वाटलं.

बिल्डिंगवाला आजही भाड्यासाठी बसला होता. शालूबाई आज "सुवर्णा" ला पटकन उठली. माहेरची सवय परत आली असावी.

२ फेब्रुवारी, रविवार

पौष संपला. आज प्राचीला बघायला नांदुऱ्याचे पाहुणे आले. मुलगा ऋत्विक, सरकीच्या धंद्यात, बोलायला नीट. प्राचीने होकार दिला. त्यांचाही होकार आहे.

आता खरी गोष्ट. मुलाचे वडील गाडीतून उतरले आणि मी पाण्याचं तांब्याभांडं घेऊन परत घरात वळलो. तोच मोठ्या मिशांचा माणूस. नाव उकंडराव. मग तिथे "रवी" ला का उठला ते विचारायची ही वेळ नव्हती. घरी लाडाने म्हणत असतील.

त्यांनी मला ओळखलं. चेहरा पांढरा पडला. मला दवाखान्यात बघितलेला माणूस आपला व्याही होतोय म्हटल्यावर कोणाचाही पडेल.

"पह्यल्यांदाच भेट होऊन राह्यली आपली," ते म्हणाले.

"हो, पह्यल्यांदाच," मी म्हणालो.

भला माणूस. मनात आणलं असतं तर तिथेच बोलले असते.

ऋत्विकचे मामा मात्र फार चौकस. मलकापूरचे. आतल्या खोलीत बसेनात, दाराजवळ खुर्ची मागून घेतली आणि सगळा वेळ उपरण्याने वारा घेत होते. थंडी असताना. निघताना त्यांनी विचारलं, "घरात कोनाले काई दुखनं नाई ना? म्हंजे डोक्याचं वगैरे? पाह्यलेलं बरं असते. ते रक्तात उतरते."

"काईच नाई," मी म्हणालो. उकंडराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मागच्या वर्षी शेजारच्या गावात मी मांडवाचे खड्डे खणून ठेवले होते. लग्नाच्या चार दिवस आधी कळलं की मुलीचा काका अशाच डॉक्टरकडे जातो. लग्न मोडलं. माझी पोरं जाऊन खड्डे बुजवून आली. ती पोरगी अजून घरीच आहे.

सिंधू खुश आहे. तिला सांगितलं की नांदुऱ्याला स्टेशनजवळ व्याह्यांची स्वतःची बिल्डिंग आहे. ती म्हणाली, "तुमाले कसं माईत?" मी म्हणालो, चौकशी केली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गेलो नाही. विचार केला आहे. उकंडराव दर शुक्रवारी भाड्याला तिथे असतात. आत्तापर्यंत त्यांना वाटत असेल की मी खरंच मांडवाच्या पैशांसाठी येतो. पण एका मांडवाचे पैसे मागायला माणूस किती वेळा जाईल? त्यांना संशय आला असेलच. आणखी एकदा दिसलो की सोयरीक संपली.

गोळीही बंद केली. म्हणजे साक्षगंधात मामांनी परत विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगता येईल की मी कसलीही गोळी घेत नाही. साक्षगंध, म्हणजे शहरातल्यांचा साखरपुडा, २३ तारखेला ठरलं आहे. मांडव आपलाच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही. जेवण जात नाही. काल मोताळ्याच्या चौकात गाडी बाजूला घेऊन बसलो, एक ट्रॅक्टर गेला तरी दचकलो. बाकी सोयरीक शाबूत आहे.

संघपाल येऊन शिव्या देऊन गेला. "गोळी बंद करायची अक्कल कोनी देल्ली तुले?"

"पोरीचं लग्न हाये."

"मंग पोरीच्या लग्नात मांडवात उभा राह्यशीन का टेम्पोत बसशीन?"

मी म्हणालो, बघू. तो सूत्रसंचालन करणार आहे, म्हणून जास्त वाद घातला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झालरी काढायला पेटी उघडली तर प्राची मागे उभी. म्हणाली, "पप्पा, ही पट्टी पंधरा दिवसांपासून तशीच हाये."

मी म्हणालो, कोणाची असेल देव जाणे.

"पप्पा."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. सिंधूलाही माहीत आहे. सिंधूनेच तिला सांगितलं होतं, पप्पांना कळू देऊ नको की आपल्याला कळलंय, नाहीतर ते गोळी सोडून देतील. प्राची म्हणाली, ऋत्विकला सांगून टाकू. मी तिचे हात धरले. म्हणालो, लग्न लागेपर्यंत तोंड उघडू नको, माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं तर मी कुठे जाऊ?

पोरीसमोर रडलो. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

ती म्हणाली, आज संध्याकाळपासून परत सुरू करा आणि उद्या बाईंना भेटा. मी म्हणालो, साक्षगंधानंतर. ती पट्टी तिथेच ठेवून गेली. रागावली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल साक्षगंध झालं. सगळं क्रमाने लिहितो, कारण मला अजून नीट उमगलेलं नाही.

मांडव उत्तम लागला होता. मी स्वतः लावलेला म्हणून म्हणत नाही. मंडळी भरपूर. मी सकाळपासून स्वयंपाकाकडे, पाण्याकडे, जनरेटरकडे, म्हणजे मांडवाच्या बाहेर जिथे जिथे काम असतं तिथे होतो. पण व्याहीभेट चुकवता येत नाही. संघपालने माईकवर पुकारलं, "मुलीचे वडील इंद्रभानराव आनि मुलाचे वडील उकंडराव, दोघांनी मंचावर यावं." मुलीच्या बापाने व्याह्याला टोपी-दुपट्टा द्यायचा, दोघांनी गळाभेट घ्यायची. एवढंच काम. लोकं बघत असतात.

पायऱ्या चढलो. समोर सगळी डोकी. आणि ते आलं. डिसेंबरपेक्षा वाईट. टोपी हातातून पडली. श्वास आत जाईना. दिसत होतं ते हलायला लागलं. मला एवढंच कळत होतं की मी पोरीच्या साक्षगंधात, सगळ्यांसमोर, मामांसमोर मरतोय, आणि सोयरीक मोडली.

उकंडरावांनी माझे दोन्ही दंड धरले. संघपाल माईक घेऊन अगदी शेजारी उभा होता. त्यामुळे ते जे बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं.

"प्रेमभाऊ," ते म्हणाले, "चपला काढा. पाय टेकवा. काई होत नाई, मरत नाई तुमी. समोर काय दिसते सांगा मले."

त्यांनी खाली वाकून स्वतःच्या हाताने माझ्या चपला काढल्या. नवऱ्या मुलाच्या बापाने.

मी म्हणालो, "पंखा."

"आखीन?"

"झालर. पिवळी झालर. खांब."

"जोरात सांगा," बायकांच्या बाजूने आवाज आला. शालूबाई उभी राहिली होती, पदर खांद्यावर. "जोरात सांगतल्याशिवाय उतरत नाई, भाऊ!"

"खुर्च्या," मी ओरडलो. "कारंजं. जनरेटरची वायर. सिंधू. प्राची."

मग मागून कोणी म्हणालं, पाण्याचा घोट द्या पण घाईने नको. आणखी कोणी म्हणालं, त्यांच्याभोवती गर्दी करू नका. ही सगळी वाक्यं डॉक्टरीणबाईची होती. एवढ्या लोकांना ती कशी पाठ, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आज पडला.

हळूहळू श्वास आला. संघपालने माईक बंद केला नव्हता. म्हणतो, बटन सापडलं नाही. पंधरा ऑगस्टपासून दहाव्यापर्यंत सगळीकडे माईक त्याच्याच हातात असतो, त्याला बटन सापडलं नाही.

पहिले उठले ते मलकापूरचे मामा. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. "दाजी, हे असं घर? हे लपवून ठेवलं तुमच्यापासून?"

मी प्राचीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, मामांकडे नाही.

उकंडरावांनी संघपालच्या हातातून माईक घेतला. "लपवलं नाई," ते म्हणाले. "मी त्याच बाकावर बसतो यायच्या शेजारी. मी त एक सालापासून जातो. कापसाच्या जिनिंगमधी आग लागली तवापासून मले मिटल्या डोयानं झोप नोहती. घरात फक्त ऋत्विकच्या मायले माईत हाये. तिनं सांगतलं, पोराचं लगन होइस्तोर बोलू नका." मग म्हणाले, "आता कोनाले काई विचारायचं असन त आत्ताच विचारा. मांगून नाई."

मामा चपला शोधत निघून गेले. त्यांच्याबरोबर काही लोकही उठले. बाकीचे बसले होते. मी मनात खड्डे बुजवायला सुरुवात केली.

मग पुरुषांच्या बाजूने, अगदी मागून, कोणीतरी विचारलं, "ते बाई कोन्त्या वारी बसते?"

माईक माझ्या तोंडाजवळ आला. मी म्हणालो, "शुक्रवारी."

"सकाळी का दुपारी?" हा दुसरा आवाज, बाईचा.

शालूबाईने उत्तर दिलं, "अकरानंतर. पन नाव खरं सांगजा, नाईतं तो कंपाउंडर हाक मारते अन् आपन बसून राह्यतो."

लोकं हसली. मीही हसलो. तेव्हा लक्षात आलं की सुवर्णा हे तिचं माहेरचं नाव नसावं.

टोपी उचलली, झटकली, उकंडरावांना घातली. गळाभेट झाली. त्यांनी मला सोडलंच नाही बराच वेळ. मीही नाही. कानात म्हणाले, "प्रेमभाऊ, खरं नाव इंद्रभान हाये हे मले पोरगी पाहाले आलो तवा समजलं." मी म्हणालो, मला तर तुम्ही अजून रवीच वाटता.

साखरपुड्याची अंगठी ऋत्विकने घातली. प्राचीने संध्याकाळी सगळ्यांदेखत ताटाशेजारी गोळी आणून ठेवली. घेतली.

एकच अडचण राहिली आहे. बिल्डिंग त्यांची नाही. सिंधूला अजून सांगितलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उकंडराव आणि मी बरोबर गेलो. उघडपणे, पुढच्या दाराने. बाईने गोळी बंद केल्याबद्दल रागवायचं ते नंतर रागावली, पण आधी हे लिहितो.

बाक भरले होते. आमच्या गावच्या दोन घरची माणसं ओळखू आली. मी पेपर वाचला नाही. कंपाउंडरने विचारलं, "नाव?"

"इंद्रभान."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला तो चांगला ओळखतो. "पहिल्यांदाच आले का?"

"हो," मी म्हणालो. त्याने नवा कागद केला.

बसलो. उकंडरावांचा पाय आज हलत नव्हता. बऱ्याच वेळाने हाक आली, "इंद्रभान!"

मी लगेच उठलो. पण दाराजवळच्या खुर्चीवरूनही इतका वेळ पेपरआड बसलेला एक माणूस उठला होता, उपरण्याने वारा घेत. मलकापूरचे मामा. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो. नाव विचारल्यावर त्यांना ऐनवेळी जे सुचलं ते त्यांनी सांगितलं असावं. तसं होतं.

मामा दाराकडे बघायला लागले, बाहेरच्या. उकंडराव कॅलेंडरकडे.

मी परत खाली बसलो. म्हणालो, "जा मामा. तुमचाच नंबर हाये."